भट्टीलाही तापाचा तक्ता हवा

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना दारावर येणारा कल्हईवाला नक्की आठवत असेल. भाता, कोळसे, कथील आणि नवसागर एवढाच त्याचा संसार. पितळेचे पातेले तापले की तो आत नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथील टेकवले की ते वितळायचे आणि कापसाच्या बोळ्याने पातेलेभर चकचकीत पसरायचे. पातेले पुरेसे तापले नसेल तर कथील पसरत नाही, गोळा होऊन बसते. जास्त तापले तर कल्हई काळवंडते. थर्मामीटर त्याच्याकडे नव्हता. त्याचे डोळे आणि वर्षानुवर्षांचा सराव हेच त्याचे मोजमाप होते.

तीच विद्या आज अंधेरी, साकीनाका, घाटकोपर, मुलुंडच्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या गाळ्यांत वेगळ्या रूपात चालते. पातेल्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड आला, नवसागराच्या जागी फ्लक्स आला आणि कोळशाच्या भट्टीच्या जागी टेबलावर मावणारा ‘रिफ्लो ओव्हन’. फरक एवढाच की इथले सुटे भाग तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असतात, आणि डोळ्यांच्या अंदाजावर काम भागत नाही.

आरोग्याच्या सदरात भट्टीचे काय काम, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कारणे दोन. पहिले, आमच्या वॉर्डातला पल्स ऑक्सिमीटर, सलाइनचा पंप, नवजात बाळाचा वॉर्मर, मधुमेह्याच्या घरातला ग्लुकोमीटर या सगळ्यांच्या पोटात असे बोर्ड असतात आणि ते अशाच भट्ट्यांतून बाहेर पडलेले असतात. दुसरे, त्या भट्टीपुढे रोज आठ-दहा तास बसणारी माणसे खोकला आणि दमा घेऊन सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येतात. भट्टीचे तापमान नीट सांभाळले तर दोघांचेही भले होते.

खिडकी अरुंद झाली

मुंबईच्या उपनगरांचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे नाते जुने आहे. १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला ‘सीप्झ’ उभे राहिले, ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठीच. दागिन्यांचे उद्योग तिथे नंतर आले. मोठ्या कारखान्यांत रिफ्लोसाठी लांबलचक यंत्रे असतात. बोर्ड पट्ट्यावरून सरकत वेगवेगळ्या तापमानाच्या कप्प्यांतून जातो. छोट्या गाळ्याला ते परवडत नाही. तिथे ड्रॉवरसारखा उघडणारा, इन्फ्रारेड नळ्यांवर चालणारा लहान ओव्हन असतो. काही जण तर केक भाजायच्या ओटीजीलाच कंट्रोलर जोडून काम चालवतात.

काम दिसायला सोपे आहे. बोर्डवर सोल्डर पेस्ट लावायची, म्हणजे सोल्डरचे अतिसूक्ष्म गोळे आणि फ्लक्स यांचे मिश्रण. त्यावर सुटे भाग ठेवायचे आणि बोर्ड ओव्हनमध्ये सरकवायचा. सोल्डर वितळते, भागांचे पाय धरून ठेवते, थंड झाल्यावर घट्ट होते.

अडचण तापमानाच्या गणितात आहे. जुन्या काळी सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असे. ते १८३ अंश सेल्सियसला वितळे. शिसे विषारी असल्याने युरोपने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून ते हद्दपार केले. भारतातही ई-कचऱ्याच्या नियमांतून त्यावर मर्यादा आल्या. शिसेविरहित सोल्डरमध्ये कथिलासोबत थोडी चांदी आणि तांबे असते आणि ते साधारण २१७ ते २२० अंशांना वितळते. सांधा नीट बसायचा तर बोर्ड २३५ ते २५० अंशांपर्यंत न्यावा लागतो. आणि त्यावरच्या अनेक भागांची सहनशक्ती २६० अंशांना संपते. म्हणजे वर जायची वाट लांबली, पण चुकायला जागा कमी उरली. शिसे गेले हे उत्तमच झाले. मात्र जुना ओव्हन ‘चालतो आहे ना’ म्हणून तसाच वापरणे आता परवडत नाही.

शिवाय हे तापमान एकदम गाठायचे नसते. आधी सेकंदाला एक ते तीन अंश या गतीने १५० पर्यंत चढायचे, मग १५० ते २०० च्या दरम्यान साधारण एक ते दोन मिनिटे रेंगाळायचे, म्हणजे लहान-मोठे सगळे भाग सारखे तापतात आणि फ्लक्स आपले सफाईचे काम करतो. मग शिखर गाठायचे, वितळण्याच्या वर साधारण मिनिट-दीड मिनिट राहायचे आणि पुन्हा बेताने खाली यायचे. या चढ-उताराच्या आलेखाला या धंद्यात ‘प्रोफाइल’ म्हणतात.

डॉक्टरांना ही कल्पना परकी नाही. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले: तापाचा एकच आकडा फारसे सांगत नाही, त्याची दिवसभराची वाटचाल सांगते. विषमज्वराचा ताप पायऱ्या चढल्यासारखा वाढतो, हिवताप थंडी वाजवत येतो आणि घाम फोडून उतरतो. खाटेच्या पायथ्याशी लटकणारा तापाचा तक्ता तिथूनच रुजला. भट्टीचा प्रोफाइल म्हणजे बोर्डच्या तापाचा तक्ताच.

दूध उतू का जाते

स्वस्त ओव्हनचा कंट्रोलर बहुधा एकाच पद्धतीने वागतो. तापमान कमी असले की हीटर चालू, ठरलेला आकडा आला की बंद. यात काय बिघडते ते प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. दूध वर येताना दिसले की आपण गॅस बंद करतो, तरीही ते उतू जातेच. पातेल्यात आणि जाळीत साठलेली उष्णता बटण बंद केल्याने नाहीशी होत नाही. ओव्हनच्या तापलेल्या नळ्या आणि पत्रा यांचेही तसेच. २४५ वर हीटर बंद केला, तरी बोर्ड २६० ओलांडून जाऊ शकतो.

आपले शरीर असे वागत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा आपला तापमान-नियंत्रक. बाहेर गार वारा सुटला की त्वचेतल्या संवेदना त्याला आधीच वर्दी देतात. आतले तापमान घसरण्यापूर्वीच रक्तवाहिन्या आकसतात, अंगावर काटा येतो. शरीर चूक होण्याची वाट पाहत नाही, येणाऱ्या बदलाचा अंदाज घेते.

यंत्राला हे शिकवण्याची रीत शंभर वर्षांची आहे. रशियात जन्मलेले अभियंते निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाचे सुकाणू आपोआप कसे वळवावे याचे गणित मांडले. त्यासाठी त्यांनी कसलेले सुकाणूधारी काय करतात हे पाहिले होते. असा माणूस तीन गोष्टी ध्यानात ठेवतो: आत्ता जहाज मार्गापासून किती ढळले आहे, मघापासून एकूण किती ढळत आले आहे आणि किती वेगाने ढळते आहे. याच तीन हिशेबांवर चालणाऱ्या नियंत्रणाला ‘पीआयडी’ म्हणतात. ओव्हनमध्ये असा कंट्रोलर बसवला की तापमान वेगाने चढताना दिसताच तो शिखराच्या आधीच हीटरची ताकद कमी करतो. जाणती गृहिणी दूध वर यायच्या आधीच आच मंद करते, तसेच.

मात्र पीआयडी ही जादूची कांडी नाही. हीटरच दुबळा असेल, तर कंट्रोलर कितीही हुशार असला तरी ओव्हन चढणार नाही. आणि त्याला मिळणारा आकडाच खोटा असेल, तर तो हुशारीने चुकीच्याच दिशेने जाईल.

थर्मामीटर कुठे लावला?

खरी मेख इथे आहे. नवजात अर्भकांच्या विभागात रेडियंट वॉर्मरखाली बाळ ठेवतो तेव्हा त्याच्या त्वचेवर तापमानाची छोटी चकती चिकटवतो. वॉर्मर त्या चकतीचे ऐकून उष्णता कमी-जास्त करतो. चकती सुटून गादीवर पडली, तर वॉर्मरला वाटते बाळ गार पडले आहे, आणि तो आणखी तापत जातो. यंत्र बिघडलेले नसते, फक्त चुकीच्या जागेचे ऐकत असते. म्हणून परिचारिका वॉर्मरवरचा आकडा पाहून थांबत नाहीत. चकती जागेवर आहे का, हे दर वेळी तपासतात.

छोट्या ओव्हनमध्ये हेच रोज घडते. त्याचा सेन्सर बहुधा मागच्या भिंतीजवळ हवेत लोंबकळत असतो. पडद्यावर २४५ दिसते ते तिथल्या हवेचे. बोर्डचे तापमान त्याहून वेगळे असते, मधले आणि कडेचे वेगळे, दाराजवळचे आणखी वेगळे. इन्फ्रारेड उष्णता तर रंग पाहून वागते. काळी चिप ती शोषून घेते, चकचकीत धातू ती परतवतो. उन्हात काळी छत्री आणि स्टीलचा डबा शेजारी ठेवावा, तसे.

तेव्हा पहिली सुधारणा सर्वात स्वस्त आहे. बारीक तारेचा के-प्रकारचा थर्मोकपल घ्यावा आणि टाकाऊ बोर्डवर, उष्णता सहन करणाऱ्या पॉलिइमाइड टेपने किंवा सोल्डरच्या ठिपक्याने पक्का बसवावा. मोठ्या भागाजवळ एक, कडेला एक आणि मध्ये एक असे तीन-चार लावून ओव्हन एकदा पूर्ण चालवावा. प्रत्येक ठिकाणचा आलेख समोर आला की भट्टीचे गुणदोष लपत नाहीत. ओव्हनमध्ये दोन्ही बाजू सारख्या तापत नसतील तर त्याची खूणही बोर्डवर दिसते. एका टोकाचे सोल्डर आधी वितळते आणि इवलासा भाग ओढला जाऊन थडग्यासारखा ताठ उभा राहतो.

थर्मोकपलचीही एक खोड आहे. दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडल्या आणि टोकांच्या तापमानात फरक पडला की अगदी किंचित वीज निर्माण होते. १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांनी हा परिणाम शोधला. के-प्रकारात ती दर अंशाला अवघे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या ४१ पट इतकीच असते. महत्त्वाचे म्हणजे थर्मोकपल फक्त दोन टोकांतला फरक सांगतो. कंट्रोलरकडचे टोक किती गरम आहे हे वेगळे मोजून त्यात मिळवावे लागते. ओव्हन सलग चालल्यावर त्याचा कंट्रोलरही तापतो. हे मिळवणे नीट झाले नसेल, तर सकाळचा पहिला बोर्ड आणि दुपारचा विसावा बोर्ड यांना पडद्यावर एकच आकडा दिसतो, पण प्रत्यक्षात वेगळी आच लागते. त्या टोकाजवळ छोटा तापमान सेन्सर बसवला की हा घोटाळा मिटतो.

मुंबईची हवा, मुंबईची वीज

बाकीच्या सुधारणा इथल्या परिस्थितीशी जोडलेल्या आहेत. विजेचा दाब २३० व्होल्टवरून १० टक्क्यांनी घसरला, तर हीटरची उष्णता १० नव्हे, १९ टक्क्यांनी कमी होते, कारण ती दाबाच्या वर्गावर ठरते. त्याच लाइनवर शेजारच्या गाळ्यातली मोठी मोटर चालू झाली की आपला प्रोफाइल ढासळू शकतो. ठरलेल्या वेळाने हीटर चालू-बंद करणारा ओव्हन इथे फसतो. बोर्डचे तापमान पाहून वागणारा सावरून घेतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. अनेक चिपा हवेतला ओलावा शोषतात. एका नेहमीच्या वर्गातल्या चिपा पाकीट फोडल्यावर १६८ तासांत वापराव्यात असा दंडक आहे, पण तो ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता गृहीत धरून. जुलैतल्या मुंबईत आर्द्रता त्याहून पुष्कळ जास्त असते. अशी ओलावलेली चिप ओव्हनमध्ये गेली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि मक्याच्या लाहीसारखी ती आतून तडकते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून चिपा कोरड्या कपाटात ठेवणे आणि उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे आधी शेकून घेणे, हा इथे तापमान-नियंत्रणाचाच भाग मानला पाहिजे. फ्रिजमधली सोल्डर पेस्ट झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर तिच्यावर दव धरते. आणि तो फ्रिज डबे ठेवायचा नसावा.

उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटी बुजवणे आणि आत आवरण लावणे उपयोगी ठरते, पण काय लावतो हे पाहावे. जुन्या वर्कशॉपमध्ये पडलेला ॲस्बेस्टॉसचा दोर किंवा पत्रा कदापि वापरू नये. त्याचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि वीस-तीस वर्षांनी आजार डोके वर काढतो. घाटकोपरने ॲस्बेस्टॉसच्या कामातून आलेले फुप्फुसांचे विकार जवळून पाहिले आहेत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तो उगाच नव्हे. सिरॅमिक लोकरीची धूळही श्वासात जाता कामा नये. ती कापताना योग्य मास्क हवा आणि बसवल्यावर ती पत्र्याआड बंद हवी.

आणखी एक सावधगिरी. हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले निकामी होतो तेव्हा तो बहुधा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. मग कंट्रोलर ओरडत राहतो आणि भट्टी तापत राहते. त्यासाठी ठरावीक तापमानाला वीजच तोडणारे वेगळे साधन आणि चांगले अर्थिंग हवेच.

भट्टीपुढचा माणूस

आता माझ्या ओपीडीकडे येतो. सोल्डरिंगच्या कामातले रुग्ण ‘संध्याकाळी छाती भरते’, ‘रात्री खोकला झोपू देत नाही’ असे सांगतात. आपल्याकडे लगेच प्रदूषणाला किंवा हवापालटाला दोष दिला जातो. मी एक प्रश्न हमखास विचारतो: सुटीत, गावी गेल्यावर बरे वाटते का? उत्तर ‘हो’ असेल तर कान टवकारावेत.

अनेक फ्लक्समध्ये राळ असते, म्हणजे चीडच्या झाडाचा शुद्ध केलेला डिंक. ती तापली की निघणारा धूर काही जणांच्या श्वसनमार्गाला कायमचे चिडखोर करतो. व्यवसायजन्य दम्याचे हे जगभर मान्य झालेले कारण आहे. एकदा शरीर असे ‘संवेदनशील’ झाले की पुढे थोडासा धूरही पुरतो. त्रास कधी कधी काम संपल्यावर काही तासांनी सुरू होतो, म्हणून त्याचा संबंध कामाशी जोडला जात नाही. पीक फ्लो मीटर नावाच्या साध्या नळीत फुंकून कामाच्या आणि सुटीच्या दिवशीचे आकडे दोन-तीन आठवडे लिहून ठेवले, तर निदानाला मोठी मदत होते. निदान लवकर झाले आणि धुरापासून सुटका झाली तर बरे होण्याची शक्यता जास्त असते. नुसता इनहेलर घेऊन त्याच धुरात बसणे हा उपाय नव्हे.

‘आमची पेस्ट शिसेविरहित आहे’ असे मालक सांगतात. ते चांगलेच, पण शिसे नाही म्हणजे धूर नाही असे नव्हे. फ्लक्स तर त्यातही असतोच, आणि तापमान जास्त लागते. भट्टी गरजेपेक्षा जास्त तापली तर फ्लक्स अधिक जळतो. म्हणजे तापमान आटोक्यात ठेवणे हे बोर्डाइतकेच फुप्फुसाच्याही फायद्याचे आहे. ओव्हनचा धूर नळीवाटे थेट इमारतीबाहेर, कोणाच्या खिडकीत जाणार नाही असा सोडावा. टेबलफॅन लावल्याने धूर जात नाही, शेजाऱ्याच्या तोंडावर जातो. एसीच्या बंद खोलीत तर तो फिरतच राहतो.

शिशाचे सोल्डर दुरुस्तीच्या कामात अजूनही वापरात आहे. या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. सोल्डर हाताळलेल्या बोटांनी वडापाव खाल्ला, तंबाखू मळली, की झाले. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही आणि गर्भवतीच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. कामाच्या टेबलावर खाणे-पिणे नको, जेवणाआधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत, कामाचे कपडे वेगळे धुवावेत, एवढी शिस्त पुष्कळ वाचवते.

आणि घरोघरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या आई-बाबांनाही एक कळकळीची सूचना. प्रोजेक्टसाठी ज्या ओटीजीत एकदा जरी बोर्ड भाजला, त्यात पुन्हा कधीही नानकटाई भाजू नये. घासून-पुसूनही नाही. तो ओव्हन स्वयंपाकघरातून कायमचा हलवावा आणि त्यावर ठळक चिठ्ठी चिकटवावी.

नोंद ठेवणारी भट्टी

कच्चा सांधा बहुतेकदा लगेच दगा देत नाही. तपासणीत यंत्र व्यवस्थित चालते, विकले जाते, रुग्णालयात येते. मग ट्रॉलीवरच्या धक्क्यांनी, रोजच्या तापण्या-निवण्याने तो सांधा सैल होतो आणि एखाद्या रात्री मॉनिटरवरचा आकडा उगाच लपलपू लागतो. निवासी डॉक्टर धावत येतो, रुग्णाचे बोट चोळतो, चिमटा बदलतो. रुग्णाला काही झाले आहे की यंत्राला, हे ठरवण्यात जी मिनिटे जातात, ती कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतात.

म्हणून छोट्या गाळ्याने मोठे यंत्र घ्यावे असा माझा आग्रह नाही. आहे तोच ओव्हन घ्या, सेन्सर बोर्डवर आणा, अंदाज घेणारा कंट्रोलर बसवा, धूर बाहेर काढा. आणि प्रत्येक नव्या बोर्डचा आलेख तारखेसह जपून ठेवा. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणे बनवणाऱ्यांना गुणवत्तेच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्यांना बोर्ड पुरवणाऱ्या गाळ्याकडे हा आलेख तयार असेल, तर त्याच्या मालाला वजन येईल. वॉर्डात नव्या परिचारिकेला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो की ताप नुसता पाहू नका, लिहा. भट्टीजवळच्या कारागिरालाही सांगण्यासारखे हेच आहे.